बाळारामदादाचं न आलेलं पाणी

बाळारामदादा पाइपाला कान लावून बसला की आसपासच्या माणसांनी बोलायचं नसे. एका हातात पाना, दुसऱ्या हातात लाकडी मुठीचा जुना स्क्रू ड्रायव्हर. त्याचं लोखंडी टोक पाइपावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. अशा वेळी कुणी नुसतं खाकरलं तरी त्याच्या कपाळावर आठी पडे. डोळे न उघडताच तो विचारी, “झालं का तुमचं? आता मी ऐकू?” मग खाकरणारा माणूस, तो घराचा मालक असला तरी, मुकाट्यानं बाजूला होई.

कुंभिवलीच्या बाजूला हमरस्त्याला लागून एक कारखाना उभा राहिला होता. बाळारामदादा तिथं पाइप फिटर होता आणि मी स्टोअरमध्ये कारकून. माझं घर पोशीरला. रोज तिकडून येणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून मी खालापुरात एक खोली घेतली, ती नेमकी त्याच्या खोलीला लागून. मधली भिंत कुडाची. सकाळी तो चुळा भरायचा, स्टोव्हला शिव्या घालायचा, मग स्टोव्ह पेटला की त्याची समजूत काढायचा, हे सगळं मला अंथरुणातून ऐकू येई. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. उंच, हडकुळा आणि हत्यारांची पिशवी जन्मभर एकाच खांद्यावर वाहिल्यामुळे डावा खांदा उतरलेला. मला तो ‘कारकुना’ म्हणायचा. माझं नाव त्याला माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

तो बढाईखोर होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. त्या काळात आमच्या भागात विहिरींवर पंप बसत होते, घराघरांत नळ येत होते, आणि कारखान्यातून सुटल्यावर दादा ही कामं करत गावोगाव फिरे. काम संपलं की तो स्वतः नळ सोडत नसे. घरातल्या बाईला हाक मारी. “सोडा वैनी, तुमच्या हातानं,” असं म्हणून दोन पावलं मागं सरकून उभा राही. नळ आधी खोकायचा, मग थोडं लाल पाणी टाकायचा, मग धार लागायची. धार लागली की दादा जमलेल्या माणसांकडे बघून म्हणायचा, “बाळारामानं हात लावला आन् पानी आलं नाय, असं झालं नाय.” लोक पाठीमागं त्याची नक्कल करत. मीही केली आहे. पण नळ बंद पडला की सगळे त्याच्याच दारात येत आणि हे वाक्य ऐकून घेत.

त्याचं दुसरं एक म्हणणं होतं. “पानी लबाड नाय रं कारकुना. ते यायलाच बसलेलं असतं. वाटंत कोनतरी आडवं बसलेलं असतं, त्याला उठवायचं.” एकदा खालापुराजवळच्या एका गावात लग्नघरी ऐन वेळी नळाचं पाणी गेलं. वऱ्हाड मांडवात येऊन बसलेलं, हंडे रिकामे, यजमान घामाघूम. दादाला सायकलवरून आणलं. त्यानं विहिरीपासून मोरीपर्यंत पाइपाला सात-आठ जागी कान लावला आणि मोरीच्या अलीकडे थांबून म्हणाला, “बेडूक हाय. जिता हाय.” सगळे हसले. त्यानं तिथलाच जोड उघडला आणि हातात बेडूक घेऊन उभा राहिला. पुढं नवरीच्या आईला शालू नेसलेल्या अवस्थेत मोरीत बोलावून त्यानं नळ सोडायला लावला, आणि त्याला ओळखतही नसलेल्या वऱ्हाडापुढं आपलं वाक्य म्हणून दाखवलं. जेवायला थांबला नाही. बेडूक मात्र स्वतः ओढ्यावर सोडून आला.

असा माणूस, पण हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात कधी चहा घेत नसे. कारखान्यातले सगळे तिथं जात. दादा बाहेर सायकल धरून उन्हात उभा राही. मला आधी वाटायचं, हॉटेलवाल्याशी भांडण असेल. नंतर कळलं ते असं. त्या हॉटेलात पूर्वी सखाराम नावाचा म्हातारा कावडीनं पाणी भरत असे. लांबच्या विहिरीवरून दिवसभर खेपा. मग मालकानं दादाकडून पाइप टाकून घेतला. नळ आला, दादानं आपलं वाक्य म्हटलं, सगळ्यांना फुकट चहा झाला, सखारामलाही. दुसऱ्या दिवशी सखाराम नेहमीसारखा कावड घेऊन आला. मालक म्हणाला, आता काय काम, बाबा. तो पुढचे काही दिवस नुसता येऊन पायरीवर बसे, कावड भिंतीला टेकवून. मग यायचा बंद झाला. त्याला कुणी नव्हतं. पुढं पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं, तेही बरंच उशिरा. दादा हे कधी बोलत नसे. मला ते हॉटेलवाल्यानंच सांगितलं, आणि वर म्हणाला, “यात बाळारामाचा काय दोष? पन त्याचं डोकंच तसलं.”

आता बुधी. कारखान्याचं एक गेस्ट हाऊस होतं, मागच्या बाजूला आंब्याच्या झाडाखाली. मुंबईहून साहेब येत, परदेशी माणसं येत, तिथं उतरत. तिथली भांडी बुधी घासायची. डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीतली बाई. नवरा दरडीवरून पडून कमरेत अधू झालेला, दोन मुली. तिचा महिन्याचा पगार हा त्या घरात येणारा एकुलता एक नेमाचा पैसा होता. बाकी मग रानातली करवंदं, कंद, लाकडाची मोळी, जे मिळेल ते.

दादाचं आणि तिचं रोज भांडण. कारण नळ. बुधी नळ इतका आवळून बंद करायची की आतला वायसर, म्हणजे रबरी चकती, कापला जायचा आणि दादाला तो पुन्हा पुन्हा बदलावा लागे.

“नळ हाय तो,” दादा ओरडायचा, “कोंबडीची मान नाय पिरगाळायला.”

“थेंब थेंब गळतं वो दादा.”

“गळू दे की. कंपनीचं पानी हाय.”

“कंपनीचं झालं म्हनून काय झालं?” ती म्हणायची. “उन्हाळ्यात आमी डोंगर उतरून हंडा नेतो. मला न्हाय बघवत गळलेलं.” आणि पुन्हा तस्सा आवळून ठेवायची.

ही बाई कशी होती, ते एका चमच्यावरून सांगतो. गेस्ट हाऊसच्या चांगल्या चमच्यांतला एक हरवला होता. आचाऱ्यानं सगळीकडे शोधला आणि शेवटी मुंबईच्या पाहुण्यांवर ढकलून दिला. चार दिवसांनी बुधीला घरी नेलेल्या राखेच्या टोपलीत तो सापडला. भर पावसात ती अर्ध्या वाटेवरून नव्हे, थेट वाडीतून पुन्हा खाली आली, ओलीचिंब, चमचा पदराच्या गाठीला. आचारी म्हणाला, उद्या आणला असतास तरी चाललं असतं. ती म्हणाली, “रातभर माज्या घरात कसा ठिवू?” दादा तिथं होता.  त्या दिवशी वायसर बदलताना तो ओरडला नाही.

कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब बायकोसह येऊन राहिला होता. त्या बाईनं बरोबर भांडी धुवायचं मशीन आणलं होतं. पेटीएवढंच, ओट्यावर मावणारं, पांढरं, पुढं झाकण. आत चार-सहा माणसांच्या बश्या आणि पेले लावायचे, मागची रबरी नळी नळाच्या तोंडावर घट्ट बसवायची, बटण फिरवायचं. असलं काही आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांपासून माळ्यापर्यंत सगळे बघून आले. बुधीनंही बघितलं. झाकणाला हात लावून म्हणाली, “आत कोन बसलंय?” बाई हसली. जाताना ते मशीन तिनं गेस्ट हाऊसला भेट दिलं. परत न्यायचा खटाटोप कशाला, असा साधा हिशेब असावा. चांगल्या मनानं दिलेली ती वस्तू होती, यात शंका नाही.

मुंबईच्या ऑफिसचा तेव्हा खर्च कमी करा म्हणून सारखा तगादा होता. मॅनेजरसाहेबांना सांगायला एक गोष्ट मिळाली. मशीन आहे तर बाई कशाला? मोठी पातेली आचारी घासून घेईल. बुधीला सांगण्यात आलं की मशीन नीट सुरू झालं की तिनं येऊ नये. तोवर मशीन लावायचं कामही तिच्याकडेच. तिनं मान डोलावली. त्या दुपारी ती आंब्याखाली बसून राहिली होती, आणि मी स्टोअरकडे जाताना तिनं मला विचारलं, “भाऊ, मशीन किती दिसांत सुरू व्हईल?”  मला फार वाईट वाटलं, पण कारकुनाच्या वाईट वाटण्यानं काय होतं?

आणि मशीन सुरू होईना. जर्मन बाई असताना चालायचं, ती गेल्यावर बिघडलं. बटण फिरवलं की आत गुंगुं आवाज यायचा, पण पाणी भरायचं नाही. तळाशी ओंजळभर साचायचं आणि मशीन ताटकळत गुणगुणत राहायचं. इलेक्ट्रिशियननं उघडून पाहिलं, म्हणाला, वायरिंग ठीक आहे. आचाऱ्यानं नारळ फोडला. मग मॅनेजरसाहेबांनी बाळारामदादाला सांगितलं.

त्या वेळी मुंबईचे एक मोठे अधिकारी जेवायला आलेले होते. त्यांच्यासमोरच साहेब म्हणाले, “आमचा बाळाराम करील. याच्या हाताला पाणी येतंच. नव्या पंपहाऊसला हेड फिटर म्हणून यालाच घेणार आहे मी.” दादाचा उतरलेला खांदासुद्धा वर आल्यासारखा वाटला मला. हेड फिटरचं काम त्याला मिळणार, हे तो तसंही महिनाभर खालापूरच्या बाजारात सांगत होता. नवा शर्ट शिवायला टाकला होता. “साहेब, दोन तास द्या,” तो म्हणाला, आणि अधिकाऱ्यांकडे वळून त्यानं आपलं वाक्यही म्हटलं.

मला त्याच्याबरोबर जावं लागलं, कारण स्टोअरमधून काय लागेल ते द्यायला माणूस हवा होता. जेवणं आटोपून मंडळी कारखान्यात गेलेली. आचारी झोपलेला. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच, आणि मागच्या उघड्या दारातून आंब्याखाली बसलेली बुधी दिसत होती. पाठमोरी. काथ्या आणि राख घेऊन पातेली घासत होती.

दादानं मशीन लावून पाहिलं. कान लावला. डोळे मिटले.  मग त्यानं मशीनवरून रबरी नळीवर, नळीवरून नळाकडे असा तो स्क्रू ड्रायव्हर सरकवत आणला आणि नळाच्या तोंडाशी थांबला. डोळे उघडले. नळी ओढून काढली.

नळाला फडकं होतं.

आमच्याकडे नळाला फडकं बांधतातच. जुन्या लुगड्याचा तुकडा, सुतळीनं आवळलेला. पावसाळ्यात नदीचं गढूळ येतं, बारीक किडे येतात, म्हणून पाणी गाळल्याशिवाय घ्यायचं नाही. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यातही होतं, माझ्या खोलीतही. जर्मन बाई मशीन लावताना ते दोन बोटांनी सोडून बाजूला टाकायची. ती गेल्यावर बुधीनं आपल्या पद्धतीनं आधी स्वच्छ फडकं बांधलं आणि त्याच्यावर नळी चढवली. चांगल्या बश्यांना गाळलेलं पाणी मिळावं, म्हणून. नळीखाली दाबलेलं ते फडकं मातीनं भरून चिखलाच्या पापुद्र्यासारखं झालं होतं. इलेक्ट्रिशियननं, आचाऱ्यानं, साहेबांनी, सगळ्यांनी ते पाहिलं असणार. नळाला फडकं असायचंच, त्यामुळं कुणाला दिसलं नाही.

दादानं सुतळी सोडली. फडकं हातात घेतलं. नळी उघड्या नळावर बसवून बटण फिरवलं. मशीनमध्ये पाणी शिरल्याचा आवाज मलाही ऐकू आला, कानाला काही न लावता. भरभरून पाणी येत होतं. आतल्या बश्यांवर ते आपटायला लागलं. दादा सवयीनं दोन पावलं मागं सरकला, सवयीनंच त्यानं तोंड उघडलं. मी ते वाक्य ऐकायला तयार झालो.

तो बोलला नाही. त्यानं मागच्या दाराकडे पाहिलं. बुधीनं एक पातेलं उपडं घातलं आणि दुसरं ओढलं.  मग दादा पुढं झाला, बटण बंद केलं, नळी काढली, ते चिखलानं भरलेलं फडकं न धुता तसंच नळाला गुंडाळलं, सुतळी आवळली आणि वरून नळी चढवली. पुन्हा बटण फिरवलं. आत गुंगुं सुरू झालं.

“दादा,” मी म्हणालो.

“हत्यारं भर,” तो म्हणाला.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मी फायली घेऊन उभा होतो. साहेबांनी विचारलं, “काय बाळाराम, आलं पाणी?”

“नाय आलं, साहेब.”

“म्हणजे?”

“बाई व्हती तवा ते नवं व्हतं, ओढून घ्यायचं. आता त्या मशिनला मुंबईसारखा दाब लागतो. आपली टाकी खाली हाय. टाकी उचलली पायजे.”

टाकी उचलणं म्हणजे नवं बांधकाम. ते कुणी मंजूर करणार नव्हतं, हे दादाला आणि साहेबांना दोघांनाही माहीत होतं. साहेब चिडले. “मग अधिकाऱ्यांसमोर एवढ्या गप्पा कशाला मारल्यास? तोंडावर पडलो ना मी.”

“चुकलं,” दादा म्हणाला. टोपी हातात घेऊन तो उभा होता. त्याला तसा उभा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि मला ते बघवेना.

सायकली हातात धरून आम्ही खालापूरकडे चालत निघालो. त्या हॉटेलाजवळ आलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, “दादा, हेड फिटरचं आता गेलं.”

“गेलं तर गेलं.”

“मी साहेबांना नाही सांगत. पण बुधीला तरी सांगू द्या. तिच्यासाठी तुम्ही काय केलंत ते तिला कळायला नको?”

तो रस्त्यातच थांबला. “तिला सांगशील तर काय व्हईल, म्हायती हाय? ती उद्या सकाळी जाईल आन् ते फडकं सोडंल. तसली हाय ती. चमच्यापाई पावसात उतरून येनारी बाई, तिला रातभर झोप लागंल का?” मग हॉटेलच्या पायरीकडे बघत, अगदी हळू म्हणाला, “एकाला मी उठवला इथून. दुसऱ्यांदा नाय जमायचं.” आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

पंपहाऊसचं काम एका नव्या मुलाकडे गेलं. मुलगा चांगला होता, दादाला ‘काका’ म्हणायचा, त्यामुळं त्याच्यावर रागही काढता येईना. शिवायला टाकलेला शर्ट दादानं आणलाच नाही. शेवटी शिंप्यानं तो माझ्याकडे दिला आणि मी त्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवून आलो. मशीन तसंच ओट्यावर पडून राहिलं. आचाऱ्यानं त्यात पापड ठेवायला सुरुवात केली, झाकण घट्ट बसतं आणि पावसाळ्यात सादळत नाहीत म्हणून. बुधीचं काम टिकलं. काढायचं कारणच उरलं नव्हतं.

गोष्ट मात्र पसरली. आचाऱ्याकडून बाजारात, बाजारातून गावागावांत. ज्या माणसाच्या बढाया लोकांनी इतकी वर्षं ऐकून घेतल्या, त्याला एक पेटीएवढं मशीन भरता आलं नाही, म्हटल्यावर लोकांना केवढी मौज. “काय दादा, बश्यांना पानी मिळालं का?” असं पोरंसोरंही विचारत. आधी तो शिव्या देई. नंतर ऐकून न ऐकल्यासारखं करी. कामं कमी झाली. कुणी बोलावलंच तर जाई, पाइपाला कान लावी, बिघाड काढी, घरातल्या बाईला नळही सोडायला लावी. धार लागली की सवयीनं दोन पावलं मागं उभा राही. पण ते वाक्य पुन्हा कधी त्याच्या तोंडून निघालं नाही. लोक क्षणभर वाट बघत आणि मग आपापसात हसत. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. एकदा मी कुणालातरी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर दादानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तंबाखू मागितला.

बुधीही त्याला चिडवायची. तिचा तर हक्कच होता. “दादा, माज्या नळाचा वायसर बदलता येतो, पन ते मशीन काय तुमाला येत न्हाय.” तो वायसर बदलत राही. तिच्यावर ओरडणं त्यानं हळूहळू सोडूनच दिलं. दर खेपेला आधी त्या ओट्यावरच्या नळाकडे एकदा बघून घेई, फडकं आहे ना म्हणून. मशीनची नळी आता तिथं नव्हती, पण त्याची ती सवय गेली नाही. एकदा मी त्याला ते फडकं बाजूला करून न्याहाळताना पाहिलं. बुधीनं नवं, धुतलेलं बांधलं होतं. त्यानं सुतळीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

पुढं कारखाना बंद पडला. संप, टाळं, बोलणी, पुन्हा टाळं, मग गेटवर गवत. मी नेरळला दुसरी नोकरी धरली आणि पोशीरला परतलो. बुधीचं काम तोवर टिकलं होतं. तेवढ्या काळात थोरलीचं लग्न झालं, धाकटी शाळा शिकली आणि वाडीतल्या पोरांना गोळा करून शिकवू लागली. नवरा शेवटपर्यंत अंथरुणाला होता, त्याचं औषध चुकलं नाही. हे सगळं एका गढूळ फडक्यावर उभं राहिलं, असं मी म्हणणार नाही. बुधीच्या कष्टांवर उभं राहिलं. पण ते कष्ट करायला तिला जागा राहिली, एवढं खरं.

दादाच्या अंगावर सूज आली होती आणि कानांनी दगा दिला होता, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी एका रविवारी खालापूरला गेलो. तीच खोली, बाहेर ओटा, ओट्याखाली मोरी आणि एक नळ, त्यानं स्वतः बसवलेला. दादा ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. पाय सुजून खांबासारखे. मला ओळखायला वेळ लागला. मग म्हणाला, “कारकुना, म्हातारा झालास.” हत्यारांची पिशवी दाराशी टांगलेली होती. स्क्रू ड्रायव्हर त्यात दिसला नाही. कानाशी जाऊन विचारलं, तर म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकला. कानालाच ऐकू येत नाही तर तो घेऊन करायचं काय.

मोरीशी बुधी बसली होती. केस पांढरे झालेले. बाजाराच्या दिवशी ती डोंगरावरून भाजी घेऊन उतरायची, तेव्हा जाताना इथं यायची, त्याची साचलेली भांडी घासून, चार भाकऱ्या टाकून वर जायची. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला कोणी नाही म्हणून. नळाला तिनंच फडकं बांधलेलं होतं, पांढरं, स्वच्छ.

मला बघून तिला जुन्या गोष्टी आठवल्या. चमच्याची आठवली, आचाऱ्याची आठवली. मग पातेलं घासता घासता म्हणाली, “भाऊ, आमच्या दादानं सगळ्या गावांना पानी आनलं. पन आमच्या त्या मशिनला काय त्यास्नी आनता आलं न्हाय.”

दादाला ऐकू गेलं नाही. निदान चेहऱ्यावरून तसं वाटलं. तेव्हा ती उठली, राखेच्या हातांनीच ओट्यावर चढली, त्याच्या कानाशी वाकली आणि तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाली. समोरच्या पायरीवर बसलेली दोन माणसं हसली.

दादानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. 

“नाय आलं, बुधे,” तो म्हणाला. “तेवढं एक नाय आलं.”

“असू द्या,” ती म्हणाली. “व्हतं मानसाचं कदी कदी.” तिनं कोपरानं त्याची घसरलेली घोंगडी वर सारली, आणि उरलेली भांडी घासायला मोरीकडे गेली.